हम्पवरची हरवलेली विमानं: डोंगरातले अवशेष बघायला जाण्याआधी

दोन वर्षांपूर्वी एका ट्रेकर मित्राच्या घरी, काचेच्या कपाटात, मी ॲल्युमिनियमचा एक पत्रा पाहिला. तळहाताएवढा. एका कडेला रिव्हेटची ओळ, आतल्या बाजूला पिवळट पोपटी रंग आणि त्या रंगावर काळ्या शाईत उठवलेले चार आकडे. "अरुणाचलला गेलो होतो ना, तिथे एका घरात मिळाला. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन विमान!" मित्र कौतुकाने सांगत होता. मी तो हातात घेतला तेव्हा माझ्याही अंगावर शहारा आला. मग विचारलं, "पण विमान पडलं कुठे होतं?" ते त्याला सांगता येईना. ज्याने पत्रा दिला त्याच्या आजोबांनी तो कधीतरी जंगलातून आणला होता, एवढंच त्याला ठाऊक होतं.

ते चार आकडे माझ्या डोक्यातून जाईनात. त्या डोंगरांत पडलेल्या विमानांपाशी त्यांच्याबरोबर गेलेली माणसं आजही आहेत. त्यांची नावं कागदोपत्री आहेत, पण कोण नेमकं कुठे आहे याचा पत्ता नाही, आणि तो लागायचा तर धागा अनेकदा अशाच एखाद्या पत्र्यावर सापडतो. आपल्याकडची पुष्कळ मंडळी हल्ली ईशान्येकडे ट्रेकला जातात. वाटेत कुणी "विमान बघायचंय का?" असं विचारलं तर पाय आपोआप तिकडे वळतात. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण जे बघायला जातोय ते काय आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

हम्प म्हणजे काय

१९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि एप्रिलअखेर लाशिओ. चीनकडे जाणारा बर्मा रोड लाशिओपासून सुरू व्हायचा. तो तुटला तशी चीनला मदत पोचवायची जमिनीवरची वाटच बंद झाली. उरलं फक्त आकाश. आसाममधल्या छाबुआ, दिंजान, मोहनबारी, सुकेरेटिंग, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून उडायचं आणि सुमारे ८०० किलोमीटरवर चीनमधल्या कुनमिंगला उतरायचं. मध्ये पटकाईच्या रांगा, त्यापुढे इरावती, सालवीन, मेकाँग या नद्यांच्या खोल दऱ्या आणि त्यांच्यामधले उंचच उंच कडे. वैमानिकांनी या सगळ्या अडथळ्याला नाव दिलं 'हम्प', म्हणजे वशिंड.

या वाहतुकीची सुरुवात बऱ्याचदा आपल्या बंदरांतून व्हायची. कराची आणि मुंबईला जहाजातून उतरलेला माल रेल्वेने अख्खा देश ओलांडून आसामला जायचा, आणि मग विमानात चढायचा. पेट्रोलची पिंपं, बाँब, ट्रकचे सुटे भाग, औषधं, काय वाटेल ते. १९४२ ते १९४५ या काळात साधारण साडेसहा लाख टन माल या वाटेने चीनला गेला. त्यापायी सुमारे ६०० विमानं गेली, आणि १,६०० हून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. शत्रूच्या गोळ्यांनी गेलेली त्यांत थोडीच होती. बहुतेकांचा घात डोंगरांनी आणि हवेने केला.

वैमानिक म्हणायचे, आकाश निरभ्र असेल तर होकायंत्राचीही गरज नाही, खाली चमकणाऱ्या पत्र्यांच्या मागोमाग जा. त्या वाटेला 'ॲल्युमिनियम ट्रेल' असंच नाव पडलं होतं.

विमानं डोंगरावर का आदळत होती

याचं उत्तर बहुतेकांना "धुकं असेल" इतकंच वाटतं. खरं तर तिथे बऱ्याच गोष्टी एकमेकींवर रचल्या जात होत्या.

त्या भागात बंगालच्या उपसागरावरची ओली हवा आणि उत्तरेकडची कोरडी थंड हवा एकमेकींना भिडतात. त्यातून ढगांचे प्रचंड मनोरे उभे राहतात. विमान त्यात शिरलं की पंखांवर बर्फ धरायला लागतो. बर्फाचं वजन तर वाढतंच, पण त्याहून वाईट म्हणजे पंखाचा आकारच बदलतो आणि विमानाला उचलून धरणारी शक्ती कमी होते. इंजिन पूर्ण जोरात चालू असूनही विमान खाली खाली जात राहतं. मालवाहू सी-४६ विमानांच्या इंजिनांचा तिथल्या थंडीत आणि उंचीवर घोटाळा व्हायचा. सी-१०९ हे तर अख्खं विमान म्हणजे पेट्रोलची टाकी. पूर्ण भरून उतरवताना त्याच्या वैमानिकांना धडकीच भरायची.

त्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा, कधी कधी ताशी १६० किलोमीटरहून जोराचा. रडारची साथ नाही, जमिनीवरून मिळणारे रेडिओचे संकेत तुटपुंजे. मग वैमानिक घड्याळ बघून हिशेब करायचा: इतका वेग, इतकी मिनिटं, म्हणजे आता डोंगर मागे पडला. आसामकडून चीनकडे जाताना वारा पाठीशी असायचा. परतताना तोच वारा तोंडावर. घड्याळ सांगतंय आसामचं सपाट मैदान आलं, आणि विमान प्रत्यक्षात अजून शिखरांच्या वरच आहे. खाली सगळा पांढरा ढग. वैमानिक उतरायला सुरुवात करतो.

उंची दाखवणारं अल्टिमीटर तरी सावध करेल ना? इथेच गोम आहे. त्या काळचं अल्टिमीटर उंची थेट मोजत नसे. ते हवेचा दाब मोजायचं आणि दाब कमी म्हणजे उंची जास्त असं धरून चालायचं. पुढे वादळाचा, कमी दाबाचा पट्टा आला की विमान आहे त्याच उंचीवर असूनही, किंवा खाली येत असूनही, काटा "तू वर आहेस" असंच सांगत राहणार. कडाक्याच्या थंड हवेत ही चूक आणखी वाढते. काटा आणि घड्याळ दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने फसवत असतील तर अनुभवी माणसालाही ते कळत नाही.

सुरुवातीची दोन वर्षं यातून सुटकाही नव्हती. दक्षिणेकडून, कमी उंचीच्या डोंगरांवरून जावं तर उत्तर बर्मातल्या मिचिनाच्या तळावरची जपानी लढाऊ विमानं. १९४४ च्या ऑगस्टमध्ये मिचिना हाती आलं तेव्हा कुठे ती सोपी वाट मोकळी झाली. तरीही १९४५ च्या ६ आणि ७ जानेवारीच्या एकाच वादळात निदान ९ विमानं गेली.

डोंगर ओलांडला असं समजून खाली येणं, हा धोका काही त्या काळापुरता किंवा त्या डोंगरांपुरता नव्हता. ७ जुलै १९६२ ला इटलीच्या अलितालिया कंपनीचं प्रवासी विमान मुंबईला उतरायच्या तयारीत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जण गेले. तिथेही आपण मुंबईच्या किती जवळ आलोय याचाच अंदाज चुकला होता.

गाववाल्यांना सगळं ठाऊक होतं

युद्ध संपल्यावर अमेरिकेने आपले मृत सैनिक शोधायला तुकड्या पाठवल्या. पण जिथे एका दिवसात दोन मैल चालणंही मुश्कील, अशा जंगलात त्या कितीसं शोधणार? पुष्कळांच्या नावापुढे 'मृतदेह सापडणं शक्य नाही' असा शेरा पडला.

शिकारीला जाणाऱ्या आदी, मिशमी, लिसू लोकांना मात्र हे सांगाडे ठाऊक होते. रस्ता नसलेल्या, धातू दुर्मीळ असलेल्या त्या गावांत ॲल्युमिनियम म्हणजे मोठी चीज. त्याची भांडी झाली, ताटं झाली, हत्यारांच्या मुठी झाल्या. मला यात काही वावगं वाटत नाही. ज्यांच्या डोंगरात हे युद्ध न विचारता येऊन पडलं, त्यांनी त्यातला पत्रा वापरला. आणि उड्या टाकून वाचलेल्या कित्येक वैमानिकांना डोंगरातल्याच लोकांनी जेवू घातलं, वाट दाखवली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये एरिक सेव्हराइड हा अमेरिकन पत्रकार ज्या सी-४६ मध्ये होता त्याचं इंजिन बिघडलं आणि आतल्यांनी हवाई छत्री घेऊन नागा टेकड्यांत उड्या मारल्या. २० जण जिवंत परतले, ते तिथल्या नागा गावाच्या आसऱ्यामुळे आणि त्यांच्यामागे स्वतःहून छत्री घेऊन उतरलेल्या लष्करी डॉक्टरमुळे.

म्हणूनच अवशेष शोधायचे तर पहिला नकाशा गावातल्या म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या डोक्यात असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अरुणाचलमधल्या पासीघाटला हम्पचं संग्रहालय उघडलं, आणि गोळा झालेल्या वस्तूंना एक जागा मिळाली. आधी तिथे जा असंच मी कुणालाही सांगेन.

सिलिंडर मोजा

समजा तुम्ही एखाद्या जागी पोचलात. विमान दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. दिसतो तो शेवाळ आणि वेलींखालचा पसारा, कधी कधी अर्धा किलोमीटर उतारावर विखुरलेला. ८० वर्षांत प्रत्येक धातू आपापल्या वाटेने गेलेला असतो. ॲल्युमिनियमचा पत्रा टिकतो, कारण त्याच्यावर आपोआप तयार होणारा पातळ थर आतल्या धातूला राखतो. आतला पिवळट पोपटी रंग हा गंजरोधक लेप, तोही बऱ्याचदा ताजा वाटावा इतका टिकतो. मॅग्नेशियमच्या भागांचा पांढरा भुगा झालेला असतो. चाकांचे पोलादी दांडे गंजून तपकिरी होतात, पण उभे असतात. टायरचं रबर तर थक्क व्हावं इतकं टिकतं.

आणि इंजिन. ते सगळ्यात जड, म्हणून बहुतेकदा जिथे पडलं तिथेच. फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार बसवलेले सिलिंडर मोजा. दोन रांगांत सात-सात, म्हणजे १४ असतील आणि अशी दोन इंजिनं असतील तर विमान बहुधा सी-४७, म्हणजे आपण ज्याला डाकोटा म्हणतो ते. १४ सिलिंडरची चार इंजिनं असतील तर बहुधा बी-२४ बाँबफेकी विमान किंवा त्याचेच मालवाहू भाऊबंद. नऊ-नऊ, म्हणजे १८ सिलिंडरची दोन इंजिनं असतील तर बहुधा सी-४६. एवढ्या मोजणीने विमानाची जात कळते.

पण कुठल्या जातीचं हे कळणं आणि नेमकं कुठलं हे कळणं, यात फरक आहे. माझ्या मित्राच्या पत्र्यावरचे आकडे बहुधा सुट्या भागाचे. त्यावरून जात कळते. नेमकं विमान कळतं ते इंजिनवरच्या क्रमांकावरून, शेपटीवरच्या आकड्यांवरून, मशीनगनच्या क्रमांकावरून. १९४३ पासून अमेरिकन हवाई दल प्रत्येक हरवलेल्या विमानाचा टंकलिखित अहवाल करू लागलं. त्यात शेवटचं ठिकाण, हवामान, आतल्या प्रत्येकाचं नाव, त्याच्या घरच्यांचा पत्ता, आणि इंजिनांचे व बंदुकांचे क्रमांकही असायचे. जंगलातला एक गंजका क्रमांक या कागदाशी जुळला, की त्या उतारावर कोण कोण आहे ते एका क्षणात कळतं.

भाच्यावरून मामा

पुढचं काम फार हळू चालतं. डिफेन्स पीओडब्ल्यू/एमआयए अकाउंटिंग एजन्सी ही युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संस्था ते करते. २०२१ मध्ये गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठानेही तिच्याशी करार केला. तज्ज्ञ उतारावर दोऱ्या लावून चौकोन आखतात आणि एकेका चौकोनातली माती बारीक जाळीच्या चाळणीतून काढतात. पावसाळी जंगलातली आम्लयुक्त माती हाडं खाऊन टाकते. दात सगळ्यात जास्त टिकतात. कधी गणवेशाचं बटण मिळतं, कधी गळ्यातला बिल्ला.

कुठली वस्तू कुठल्या चौकोनात मिळाली, याला इथे फार महत्त्व. वैमानिकाच्या खुर्चीचा तुकडा आणि त्याच्याजवळचा दात यांची सांगड लागते ती जागेवरून. कुणी खुर्चीचा तुकडा उचलून बाजूच्या दगडावर फोटोसाठी मांडला, की ती सांगड तुटली. काही चोरलं नाही, काही मोडलं नाही, तरी नुकसान झालं. ट्रेकर मंडळींकडून नेमकं हेच होतं, आणि तेही आदरापोटी.

मग डीएनए. इतक्या जुन्या हाडांतून बऱ्याचदा आईकडून येणारा डीएनए तेवढा नीट मिळतो. तो आई मुलग्यांना आणि मुलींना दोघांनाही देते, पण पुढे फक्त मुलीच नेतात. म्हणजे मेलेल्या सैनिकाच्या स्वतःच्या मुलांकडे हा धागा नसतो. त्याच्या बहिणीच्या मुलांकडे असतो. भाच्यावरून मामाची ओळख पटते.

२५ जानेवारी १९४४ ला 'हॉट ॲज हेल' नावाचं बी-२४ कुनमिंगहून छाबुआला निघालं. आत आठ जण. ते पोचलंच नाही. २००६ मध्ये त्याचे अवशेष अरुणाचलच्या अप्पर सियांगमधल्या दामरोजवळ सापडले. पुढे तिथे खोदकाम झालं आणि एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीहून मानवी अवशेष अमेरिकेला रवाना झाले. २०१७ मध्ये एकाची ओळख पटली. जॉर्जिया राज्यातला तरुण लेफ्टनंट होता तो. ७३ वर्षांनी त्याला त्याच्या गावात माती देण्यात आली.

हिमनदीतली गोष्ट निराळी असते. तिथे बर्फ सगळं धरून ठेवतो आणि सावकाश खाली वाहून आणतो. ७ फेब्रुवारी १९६८ ला भारतीय हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह चंदीगडहून लेहकडे निघालेलं असताना रोहतांगजवळ नाहीसं झालं. काळ युद्धाचा नव्हता, पण माणसं सैन्याचीच. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमाचलमधल्या ढाका हिमनदीवर त्याचे अवशेष दिसले, आणि २०२४ मध्ये आणखी चार देह मिळाले. एकाची ओळख खिशातल्या कागदावरून पटली. ५६ वर्षं बर्फात राहिलेला कागद. तो आधीच कुणी आठवण म्हणून नेला असता तर?

ब्लीकलोवर

कामानिमित्त मँचेस्टरला होतो तेव्हा एका रविवारी ब्लीकलोच्या पठारावर गेलो होतो. उंची ६०० मीटरच्या थोडी वर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्मीही नाही. तिथे अमेरिकन बी-२९ बाँबफेकी विमान पडलेलं आहे. ३ नोव्हेंबर १९४८ ला जेमतेम पाऊण तासाच्याही आतला प्रवास, ढग, डोंगर ओलांडल्याचा तोच भ्रम, आणि १३ जण गेले. जवळच्याच उतारावर १८ मे १९४५ ला सहा कॅनडियन तरुण लँकेस्टर विमानासह गेले. युरोपातलं युद्ध संपून दहाच दिवस झाले होते.

काळ्या, भिजल्या मातीत चार मोठी इंजिनं अर्धी रुतलेली. चाकांचा सांगाडा आभाळाकडे पाय करून. आजूबाजूच्या पत्र्यांवर लोकांनी लाकडी क्रूस आणि युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची कागदी लाल पॉपीची फुलं खोचलेली. वीसेक माणसं होती, लहान मुलंही, आणि सगळे हळू आवाजात बोलत होते. एका बाईंनी वाऱ्याने पडलेला क्रूस उभा केला. पत्र्याला हात लावला नाही. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांच्या अपघाताच्या सगळ्या जागांना आपोआप संरक्षण मिळतं. परवान्याशिवाय काही उचलता, उकरता येत नाही, आणि मानवी अवशेष असण्याची शक्यता असेल तर परवानाही मिळत नाही. पण त्या दिवशी लोक कायद्याला भिऊन वागत होते असं मला वाटलं नाही.

जाणारच असाल तर

अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट लागतं. नोव्हेंबर ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात बरा. एरवी पाऊस आणि जळवा. गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय निघू नका, आणि आधी गावबुढ्याला, म्हणजे लाल कोटातल्या गावप्रमुखाला भेटा.

फाटलेला पत्रा ब्लेडसारखा कापतो. बाँबफेकी विमान असेल तर अर्ध्या इंची गोळ्या मातीत असू शकतात आणि जुन्या गोळीचा भरवसा नसतो. उपकरणांच्या तबकड्या तर मुळीच उचलू नका. अंधारात चमकण्यासाठी त्यांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असायचा. चमक केव्हाच गेली, पण रेडियम निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात.

काही दिसलं तर जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. एक फोटो जवळून, एक लांबून. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा, पण समाजमाध्यमांवर टाकू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात तिथे भंगारवाले पोचतील. क्रमांक दिसला तर घासून स्वच्छ करू नका. बाजूने तिरका टॉर्च मारला की बुजलेले आकडेही उठून दिसतात. हाड किंवा दात दिसला तर तिथून मागे फिरा आणि गावबुढ्याला व जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.

मित्राशी नंतर मी यावर बराच वेळ बोललो. त्याने त्या गावच्या आपल्या यजमानाला फोन लावला. आजोबा आता नाहीत, पण त्यांच्याबरोबर शिकारीला जाणारे एक काका आहेत, त्यांना तो नाला आठवतो. आम्ही टेबलावर पत्रा उताणा ठेवला, तिरका टॉर्च मारला आणि फोटो काढले. चार आकड्यांच्या पुढे, जिथे पत्रा कात्रीने कापलाय तिथे, पाचव्या आकड्याची अर्धी गोलाई दिसते. तीन असेल, आठ असेल. उरलेला अर्धा भाग त्याच गावात कुणाच्या तरी घरी असेल, म्हणून मित्राने ते फोटो काकांच्या नातवालाही पाठवले.